हवेचा दाब नऊशे त्र्याण्णव

महिपत मांडवकर मारायच्या आधी मनगटावरचं घड्याळ काढायचा. काढून बायकोच्या, विमलाच्या, हातात द्यायचा आणि मग वळायचा. लांज्यात हायवेला लागून त्याचा काजूचा कारखाना. तिथे बिया भाजणाऱ्या, फोडणाऱ्या, गर सोलणाऱ्या बायकांवर त्याने कधी हात टाकला नाही. तो टाकायचा घरी, आणि घरात मुलावर, सागरवर. कारण कसलंही चालायचं. चप्पल दारात आडवी पडली, हाक मारल्यावर ओ उशिरा आली. मुलीला, तेजस्वीला, मात्र त्याने बोट लावलं नाही. "ही माझी लक्ष्मी," असं तो चारचौघांत सांगायचा.

तेजस्वी सहावीत असताना एकदा मध्ये पडली. बियांचं पोतं अंगणात राहिलं आणि भिजलं, म्हणून महिपतने सागरला धरला होता. ती म्हणाली, "बाबा, दादाने नाय ठेवलं. गड्याने ठेवलं."

महिपत थांबला. त्याचा आवाज खाली गेला. "बहिणीला खोटं बोलायला शिकवतोस काय रे?" असं म्हणून त्याने दाराचा अडसर उचलला. त्या दिवशी सागरचा डावा हात कोपराजवळ मोडला.

तेव्हापासून तेजस्वीच्या मनाने एक गोष्ट घेतली. आपण तोंड उघडलं की दुसऱ्याला जास्त लागतं. बापाचा आवाज खाली गेला की ती गप्प व्हायची, श्वाससुद्धा जपून घ्यायची. सागर बारावीनंतर मुंबईला गेला तो घरी परतला नाही. ती मात्र शिकत गेली, आणि विमान चालवायचं म्हणाली तेव्हा महिपतनेच तिला हौसेने पाठवलं. "पोर माझी विमान उडवणार हाय," असं तो एसटी स्टँडवर भेटेल त्याला थांबवून सांगायचा.

मुंबईतल्या एका छोट्या कंपनीत तिला को-पायलटची नोकरी मिळाली. दोन पंख्यांचं, नऊ माणसांचं जुनं विमान. मोठ्या लोकांना, कधी आजाऱ्यांना, इकडून तिकडे न्यायचं. तिचा कॅप्टन होता सर्वेश राजाध्यक्ष. केस पिकलेला, नेटका, प्रवाशांशी फार गोड. आजी-आजोबांना स्वतः हात देऊन चढवायचा. कॉकपिटमध्ये बसला की मात्र माणूस बदलायचा. मांडीशी एक स्टीलची बॅटरी, उजेडाचा टॉर्च, ठेवायचा आणि को-पायलटकडून काही चुकलं, किंवा चुकलं असं त्याला वाटलं, की त्याच्या बोटांच्या पेरांवर ती हाणायचा. तेजस्वीच्या आधीचे दोघे याच कारणाने सोडून गेले होते. पहिल्यांदा तिला बॅटरी बसली तेव्हा पेर काळंनिळं झालं, आणि ती म्हणाली, "सॉरी सर."

आईला तिने फोनवर सांगितलं होतं. विमला म्हणाली, "सांभाळून घे गो." विमलाने तीस वर्षं तेच केलं होतं.

ऑक्टोबरमधली गोष्ट. भातं कापणीला आली होती आणि अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार होऊन किनाऱ्याकडे सरकत होता. त्या दुपारी मुंबईहून रत्नागिरीला तीन प्रवासी न्यायचे होते. पावस गावच्या वाटेवरचे बागायतदार आप्पा, त्यांच्या पत्नी कुसुमताई आणि सोबतची नर्स नम्रता. आप्पांच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, रस्त्याचे धक्के त्यांना सोसणारे नव्हते, म्हणून परदेशातल्या नातवाने विमान ठरवून दिलं होतं. नम्रता नाटे गावची, मासेमारीच्या होडीवर जाणाऱ्या आत्मारामची मुलगी. विमानात चढताना ती तेजस्वीला म्हणाली, "तुम्ही लांज्याच्या ना? मग आपण शेजारणीच. वाऱ्याचं काय, लई हलेल काय?"

"हलेल थोडं. पट्टा घट्ट बांधा," तेजस्वी म्हणाली.

कॉकपिटला दार नव्हतं, पडदा होता, आणि तो बाजूला बांधून ठेवलेला. पहिल्या सीटवर कुसुमताई बसल्या होत्या. त्यांना दोन्ही वैमानिकांचे हात दिसत होते.

विमानातला अल्टिमीटर उंची मोजतो म्हणजे खरं तर हवेचा दाब मोजतो. वर जावं तशी हवा विरळ होते, दाब कमी होतो आणि काटा उंची वाढल्याचं दाखवतो. खूप वर असताना सगळी विमानं आपापला अल्टिमीटर एकाच ठरलेल्या दाबावर ठेवतात, एक हजार तेरावर, म्हणजे एकमेकांमधलं अंतर नीट राहतं. पण खाली उतरताना त्या गावचा त्या घटकेचा दाब टॉवरकडून घेऊन बटण फिरवून तो लावायचा असतो. समुद्रात वादळ असलं की दाब खाली गेलेला असतो. अशा दिवशी बटण फिरवायचं राहिलं तर काटा आहे त्यापेक्षा जास्त उंची दाखवत राहतो. वैमानिकाला वाटतं आपण वर आहोत, आणि खालची जमीन वर आलेली असते. कॅप्टन आणि को-पायलट दोघांसमोर वेगवेगळा अल्टिमीटर असतो आणि दोघांनी दोन्ही ताडून बघायचे, असा नियम आहे.

रत्नागिरीच्या टॉवरने दाब सांगितला: नऊशे त्र्याण्णव. तेजस्वीने तो परत म्हणून दाखवला आणि आपलं बटण फिरवलं. राजाध्यक्ष त्याच वेळी तिच्यावर चिडलेला होता. तिने उतरण्याआधीच्या तपासणीची यादी वाचायला उशीर केला होता आणि तो त्यावरून बोलत सुटला होता.

"सर, प्रेशर नऊशे त्र्याण्णव," ती म्हणाली.

"ऐकलंय. बहिरा नाही मी."

ऐकलं होतं, पण लावलं नाही. त्याचा हात बटणाकडे गेलाच नाही. विमान ढगात शिरलं. पाऊस काचेवर खडे मारल्यासारखा आदळू लागला. वारा विमानाला खालून लाथ घालत होता, मध्येच सोडून देत होता. मागे आप्पांना उलट्या सुरू झाल्या.

तेजस्वीने दोन्ही काटे पाहिले. त्याचा दोन हजार दाखवत होता, तिचा दीड हजारापेक्षाही खाली. साडेपाचशे फुटांचा फरक. त्याच्या अल्टिमीटरच्या छोट्या खिडकीत अजून एक हजार तेराच होतं.

"सर, तुमचं एक हजार तेरावरच आहे."

"तुझा अल्टिमीटर गेल्याच आठवड्यात बिघडला होता."

"तो बदललाय सर. नवीन आहे."

"मी उतरवतोय. तू तोंड बंद ठेव." त्याचा आवाज खाली गेला होता.

तो खालचा आवाज तिच्या ओळखीचा होता. समुद्रावरून आत यायचं, आठशे फुटांपर्यंत उतरायचं आणि तोवर धावपट्टी दिसली नाही तर वर निघून जायचं, असं ठरलेलं होतं. धावपट्टी सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, समुद्रापासून तीनशे फूट उंच. राजाध्यक्षच्या काट्यावर आठशे होतील तेव्हा विमान प्रत्यक्षात अडीचशे फुटांवर असणार होतं, म्हणजे धावपट्टीच्याही खाली, समोर सड्याचा कडा. हे गणित तिच्या डोक्यात लख्ख होतं. तिने काही न बोलता हात पुढे केला आणि त्याचं बटण धरलं.

त्याने उलट्या हाताची तिच्या तोंडावर मारली. हाती बॅटरी होती. ओठ फाटला, एक दात हलला, हेडफोन उडून मानेवर आला. "माझ्या बाजूला हात घालतेस?" तो ओरडला. मागे कुसुमताई किंचाळल्या, "अहो, काय करताय! मुलीला मारताय काय!"

तेजस्वी सीटमध्ये मागे दबून बसली. तोंडात रक्त भरलं होतं आणि ती ते गिळत होती. अंगातला एकही स्नायू हलेना. किती वेळ ती अशी बसली हे तिला आजही सांगता येत नाही. आप्पांचा जीव घुसमटतोय असं पाहून नम्रताने याच वेळी स्वतःचा पट्टा सोडला आणि ती त्यांचं डोकं कुशीवर वळवायला उठली, एवढं कुसुमताईंनी नंतर सांगितलं.

मग ढग फाटले. खाली समुद्र दिसला, आणि तो इतका जवळ होता की लाटांच्या पाठीवरचा फेस फाटून वाऱ्याबरोबर पळताना दिसत होता. समोर पावसात काळपट तांबडा कातळाचा कडा उभा होता. त्याचा माथा विमानाच्या नाकापेक्षा उंच होता.

तेजस्वीने इंजिनांचे दोन्ही थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलले आणि समोरचा दांडा छातीशी ओढला.

राजाध्यक्षची नजर अजून काट्यावर होती आणि काटा त्याला आठशेपेक्षा जास्तच सांगत होता. पोरगी बिथरली, एवढंच त्याला कळलं. त्याने आपला दांडा पुढे दाबला. दोन्ही दांडे आतून जोडलेले. ती ओढत होती, तो रेटत होता. त्याने दुसऱ्या हाताने तिची वेणी धरून मान खाली खेचली. ती ओरडली, काय ओरडली ते कोणाला कळलं नाही, आणि तिने डाव्या हाताचं कोपर होतं नव्हतं तेवढ्या जोराने त्याच्या तोंडावर घातलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज तिला इंजिनांच्या आवाजातही ऐकू आला. वेणी सुटली. तिने पुन्हा एकदा कोपर घातलं. मग दोन्ही हातांनी दांडा ओढला.

विमानाने नाक वर केलं. कडा खाली सरकला, पण पुरता नाही. सड्याच्या टोकाला आंब्याच्या कलमांच्या एका बागेचा गडगा होता, तांबड्या दगडांची रचलेली भिंत. डावं चाक त्या गडग्यावर आपटलं. दगड उडाले, चाक त्याच्या पायासकट तुटून मागे गेलं आणि विमानाला असा हिसका बसला की नम्रता छताला जाऊन आदळली आणि मान वाकडी होऊन दोन सीटांच्या मध्ये पडली. एका कलमाचा शेंडा पंखाने छाटला गेला. काचेवर पानांचा चिखल झाला. आणि मग पुन्हा ढग.

"नम्रता! अगो नम्रता, ऊठ गो!" मागून कुसुमताईंचा आवाज येत राहिला. त्यांचा स्वतःचा खांदा निखळला होता, ते त्यांना नंतर कळलं.

राजाध्यक्षने दोन्ही हात नाकावर धरले होते. बोटांमधून रक्त शर्टावर गळत होतं. कडा त्यानेही पाहिला होता. तो काचेकडे बघत बसला, आणि तेजस्वीने विचारलं, "सर, तुम्ही चालवणार?" तर त्याने मान हलवली नाही, उत्तरही दिलं नाही.

गोव्याला जाण्याइतकं इंधन होतं. तिकडे हवाही बरी होती. पण कुसुमताई मागून सांगत होत्या की पोरीचा श्वास घरघरतोय, आणि रत्नागिरीचं हॉस्पिटल खाली, अगदी खाली होतं. तेजस्वीने टॉवरला हाक दिली. फाटक्या ओठामुळे तिचे शब्द नीट उमटत नव्हते. तिने दाब पुन्हा विचारला. टॉवरने सांगितला, तिने तो परत म्हटला, काटा तपासला आणि विमान पुन्हा समुद्राकडून वळवलं.

या वेळी तिच्या काट्यावर नऊशे असताना पावसातून धावपट्टीचे दिवे दिसले. तिने उजवं चाक आधी टेकवलं, पंख जमेल तेवढा वेळ वर धरला. वेग कमी झाला तसं विमान डावीकडे झुकलं. पंख डांबराला घासला, पंख्याची पाती जमिनीवर आपटून मोडली, विमान भोवऱ्यासारखं गरकन फिरलं, धावपट्टी सोडून चिखलात गेलं आणि थांबलं. आग लागली नाही. धावत आलेल्या माणसांनी दार फोडलं तेव्हा तेजस्वी जमिनीवर गुडघे टेकून नम्रताचं डोकं दोन्ही हातांत सरळ धरून बसली होती. तिने ते स्ट्रेचरपर्यंत सोडलं नाही.

नम्रता दुसऱ्या दिवशी रात्री गेली. आप्पा वाचले.

राजाध्यक्षला त्याच हॉस्पिटलात ठेवलं होतं, तेजस्वीच्या खोलीपासून दोन खोल्या सोडून. त्याने पोलिसांना सांगितलं की मुलगी घाबरली, अंगावर धावून आली, तिने विमान हातातून हिसकावलं. ही बातमी लांज्याला पोचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच महिपत गाडीत दोन माणसं घालून आला. विमलाही सोबत होती.

लेकीच्या ओठाला घातलेले टाके त्याने पाहिले. "कुठं हाय तो?" एवढंच त्याने विचारलं. आवाज खाली गेलेला.

"बाबा, नको," तेजस्वी म्हणाली. तो तोवर बाहेर पडला होता.

राजाध्यक्षच्या खोलीच्या दारात त्याने सवयीने घड्याळ काढलं आणि मागे न बघता विमलापुढे धरलं. विमलाने हात पुढे केला नाही. घड्याळ फरशीवर पडलं. महिपतला कळलंही नाही. त्याने आत जाऊन राजाध्यक्षला गळपट्टीला धरून पलंगावरून खाली ओढला आणि लाथांनी तुडवायला सुरुवात केली. म्हातारा पोटाशी गुडघे घेऊन पडला. दोन्ही हात नाकावरच्या बँडेजवर. तो ओरडतही नव्हता. सोबतची दोन माणसं दारात उभी राहून सिस्टरला अडवत होती.

तेजस्वी त्या माणसांना ढकलून आत शिरली आणि राजाध्यक्षच्या पुढ्यात उभी राहिली. महिपतचा हात सुटलेला होता, तो तिच्या गालावर बसला. टाके उसवले.

महिपत दचकून मागे सरला. "तू का मध्ये आलीस? तुला मारलंन ना ह्यानं!"

"मारलं. आता तुम्ही पण मारलंत," ती म्हणाली. हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. "दादाचा हात मोडलात तेव्हा मी गप्प राहायला शिकले. काल त्या गप्पपणाने एक पोर मरायला टेकवली. आता मी गप्प बसणार नाय, बाबा. बाहेर व्हा."

महिपतने पुन्हा हात उचलला. तो उचललेलाच राहिला, कारण विमला आत आली होती आणि तिने तो दोन्ही हातांनी मनगटात धरला होता. तिचा जोर त्याच्या पुढे काहीच नव्हता. पण ती लोंबकळून राहिली. "तोड मला आता," ती म्हणाली. "चल, तोड. तेवढंच रायलंय."

पोलीस खालच्या मजल्यावरच होते. त्यांनी महिपतला नेलं. त्याला सोडवायला त्याच्या भावकीतले लोक गेले, विमला गेली नाही. ती हॉस्पिटलात लेकीजवळ राहिली आणि तिथूनच सागरला फोन केला. सागर मुंबईहून पहिली मिळेल ती गाडी पकडून आला. डावा हात अजून पूर्ण सरळ होत नव्हता. बहिणीच्या पलंगाशी स्टूल ओढून बसला.

ती त्याला म्हणाली, "त्या वेळी मी बोलले नसते तर तुझा हात मोडला नसता."

"मोडायचा तो मोडलाच असता. आज नाय तर उद्या," तो म्हणाला. "त्या घरात माझ्या बाजूने एकदाच कोणीतरी बोललं. मला तेवढंच आठवतं. आणि तू काय धरून बसलीस!"

ती तोंडावर चादर घेऊन रडली. टाक्यांमुळे रडतानाही दुखत होतं.

चौकशी बरेच महिने चालली. मोडलेल्या विमानात राजाध्यक्षच्या बाजूचा अल्टिमीटर एक हजार तेरावर मिळाला. कुसुमताई खांदा बांधलेल्या अवस्थेत समितीपुढे जाऊन बसल्या आणि बॅटरीचा मार, वेणी, सगळं जसं पाहिलं तसं सांगितलं. "ती मुलगी नसती तर मी इथे सांगायला नसते," असंही म्हणाल्या. राजाध्यक्षचा परवाना गेला. महिपतवरचा मारहाणीचा खटला अजून चालू आहे. विमला आता सागरकडे राहते.

तेजस्वीला समितीने विचारलं, "फरक दिसल्यापासून विमान ताब्यात घेईपर्यंत तुम्ही काय केलं?"

"आधी सांगितलं. मग हात घातला. मग मार खाल्ला आणि गप्प बसले," ती म्हणाली. "त्या वेळात वर गेले असते तर चाक आपटलं नसतं."

हे शेवटचं तिला कोणी विचारलं नव्हतं. तिच्या वकिलाने कपाळाला हात लावला. काही महिने तिला उडू दिलं नाही, पुन्हा शिकायला लावलं, मग परवाना परत मिळाला.

उडायला लागण्याआधी ती नाट्याला गेली. सागर गाडी चालवत होता. सगळ्यांनी नको म्हटलं होतं. आत्मारामचं घर बंदरापासून जरा वर, अंगणात जाळं पसरलेलं. तिने नाव सांगितलं तशी नम्रताची आई आतून आली आणि तिच्यावर तुटून पडली. छातीवर, खांद्यावर, मिळेल तिथे मुठींनी मारत राहिली. "तू कशी आलीस! तू कशी उभी हायस! माझी पोर का नाय उभी!" तेजस्वी हात खाली सोडून उभी राहिली. सागर पुढे सरकला तसं तिने मानेनेच त्याला नको सांगितलं.

आत्मारामने बायकोला मागे ओढलं. तो उंच, हाडकुळा माणूस. तिला धरूनच त्याने विचारलं, "पेपरात आलंय ते खरं काय? तुला आधी कळलं होतं?"

"हो."

"मग?"

"मला मारलं, आणि मी घाबरले, काका. थोडा वेळ मला काहीच करता आलं नाही. त्याच वेळात नम्रताने पट्टा सोडला."

बायकोचा आवाज आता बसला होता, ती त्याच्या हातात हुंदके देत होती. "खरं बोललीस," तो म्हणाला. "आता जा बाय. पुन्हा येव नको. तुला बघून हिला झेपायचं नाय."

ती जाळ्याच्या कडेने चालत गाडीपाशी आली. खांद्यात ठणका लागला होता. सागरने गाडी घाटीने वर घेतली. आडिवऱ्यात एका खानावळीपुढे त्याने गाडी हळू केली.

"जेवशील काय?"

"जेवते," ती म्हणाली.